पन्नास गुलाबांची ऑर्डर: साताऱ्यातल्या एका घरपोच पुष्पगुच्छाचं प्रकरण

साताऱ्यात मी छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहितो. या प्रकरणात ऑर्डर देणारी माझी चुलत बहीण होती. तिचा बुके शेवटी ज्या दुकानातून निघाला, त्या दुकानाची वहीही माझ्याकडेच असते. हे मला त्याच दिवशी कळलं. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या पावत्या आणि दोन्ही बाजूंची गाऱ्हाणी मला सारखीच पाहायला-ऐकायला मिळाली. नावं कुणाचीच देत नाही. बहिणीला ताई म्हणतो आणि फुलवाल्यांना दादा.

पार्श्वभूमी

ताई जर्मनीत असते. तिच्या आईवडिलांचं, म्हणजे आमच्या अण्णा-माईंचं लग्न १९७३ च्या मे महिन्यातलं, त्यामुळे २०२३ च्या मे महिन्यात पन्नास वर्षं झाली. घर शाहूपुरीत. सकाळी दहाला घरी सत्यनारायण आणि संध्याकाळी सहाला हायवेच्या बाजूच्या एका कार्यालयात ऐंशी माणसांचं जेवण, असा बेत ठरला होता. ताईला सुट्टी मिळाली नव्हती. पूजेच्या वेळी ती व्हिडिओ कॉलवर असणार होती. तेव्हाच दार वाजावं आणि पन्नास लाल गुलाब घरात यावेत, असं तिनं मनात रंगवलं होतं.

चार दिवस आधी, रविवारी, तिनं एका वेबसाइटवर ऑर्डर दिली: पन्नास लाल गुलाब, मध्ये पांढऱ्या लिली, किंमत ३,२०० रुपये. ठरावीक वेळेला हवं असेल तर २५० रुपये जास्त पडत होते. ताईनं ‘दिवसभरात कधीही’ हा फुकटचा पर्याय घेतला आणि खाली सूचनेच्या चौकटीत लिहिलं, ‘सकाळी १० ला पूजा आहे, कृपया त्याआधी द्यावे.’ फोन नंबरच्या जागी स्वतःचा जर्मनीतला नंबर टाकला. घरचा नंबर दिला आणि कुणी फोन केला तर गंमतच जाईल, हा तिचा विचार. कार्डावरचा मजकूर मात्र तिनं अर्धा तास बसून मराठीत लिहिला होता.

इथं आमच्या गावाबद्दल थोडं सांगायला हवं. साताऱ्यात बुके घरपोच पाठवण्यापेक्षा हातात घेऊन जाण्याची रीत जुनी. शाल, श्रीफळ आणि बुके हे सत्काराचं त्रिकूट आहे. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला तर एकेका दारात बुक्यांचा ढीग लागतो. राजवाडा, मोती चौक, पोवई नाका या पट्ट्यातल्या फुलवाल्यांचं पोट भरतं ते हार, वेण्या, गजरे आणि गाडी-स्टेजच्या सजावटीवर. बुक्यांना दुकानाचा एक कोपरा असतो, दोन बादल्या असतात. चांगला डच गुलाब, जरबेरा, लिलियम (म्हणजे लिली) बराचसा पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डातून रात्रीच्या गाडीनं येतो. अंतर साधारण ११० किलोमीटर, मध्ये खंबाटकीचा घाट. सकाळी गाडीतून जे उतरेल तोच दुकानाचा त्या दिवसाचा माल. वेबसाइटवरच्या फोटोशी त्याचा काही संबंध नसतो.

ऑर्डर कशी प्रवास करते

त्या वेबसाइटचं साताऱ्यात काहीच नाही. ऑर्डर गेली पुण्यातल्या त्यांच्या भागीदाराकडे आणि त्यानं बुधवारी संध्याकाळी साडेसातला दादांना फोन केला. ही पद्धत नवी नाही. एका गावच्या फुलवाल्यानं पैसे घ्यायचे आणि दुसऱ्या गावच्या फुलवाल्यानं फुलं पोचवायची, हा व्यवहार १९१० साली अमेरिकेतल्या फुलवाल्यांनी तारेवरून सुरू केला होता. तेव्हा निदान दोन्ही टोकांना फुलवाले होते. इथं मध्ये एक वेबसाइट आणि एक भागीदार, आणि दोघांनीही फुलाला हात लावलेला नाही.

दादांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, “उद्या लग्नाची मोठी तिथी आहे. लिली नाही. गुलाबाची एकच गड्डी उरेल. बाकी जरबेरा घालून देतो, पण दुपारनंतर.” पलीकडून उत्तर आलं, “चालेल, घाला.” सूचनेच्या चौकटीतलं दहाचं वाक्य पुण्यापर्यंत पोचलंच नसावं. भागीदाराच्या कागदावर ‘दिवसभरात’ एवढंच होतं. दादांनी सांगितलेला बदल ताईपर्यंत परत गेला नाही, हे मात्र नक्की.

गड्डीचा हिशेब इथंच सांगतो. डच गुलाबाची गड्डी वीस नगांची असते. पन्नास गुलाब म्हणजे तीन गड्ड्या फोडायच्या आणि दहा फुलं उरवायची. ऐन लगीनसराईत, जेव्हा गड्डीचा भाव रोज वेगळा असतो, तेव्हा दादांना या बुक्याचे मिळणार होते १,७५० रुपये, तेही महिनाअखेरीस. ताईनं दिले ३,२००. मधले १,४५० कुठे राहिले ते वेगळं सांगायला नको.

अडचण

गुरुवारी सकाळी पावणेअकराला ताईचा फोन आला. पूजा संपत आली होती, आरती व्हायची होती आणि दारात कुणी नव्हतं. वेबसाइटच्या चॅटवर ‘आउट फॉर डिलिव्हरी’ एवढंच उत्तर येत होतं. कुठल्या दुकानातून, ते सांगायला तिथं कुणीच तयार नव्हतं. ताईचा आवाज भरून आला होता. “तू तिथंच आहेस ना, बघ ना काहीतरी,” म्हणाली.

साताऱ्यात बुके करणारी दुकानं बोटांवर मोजण्याइतकी. मी एकेक फोन लावत सुटलो. तिसरा फोन दादांना. “शाहूपुरी, पन्नासावा वाढदिवस, लग्नाचा? आहे की माझ्याकडंच! पण माणूस गाडी सजवायला गेलाय, दोननंतर पाठवतो.” एवढी वर्षं त्यांच्या वहीत ‘बाहेरगावच्या ऑर्डरी’ अशी ओळ मी लिहीत आलो होतो. त्या ओळीच्या दुसऱ्या टोकाला माझी बहीण असेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

कोणते पर्याय होते

तेव्हा साडेअकरा वाजले होते. पूजेची वेळ हातची गेलीच होती, म्हणजे पहिला हेतू संपला होता. तरी संध्याकाळचं जेवण बाकी होतं आणि खरं ठरवायचं ते त्या घटकेला होतं.

ऑर्डर रद्द करून दुसऱ्या दुकानातून घ्यावं, हा पहिला विचार. पण तिथीच्या दिवशी सगळ्यांचीच तीच गत. पन्नास लाल गुलाब कुणाकडेच नव्हते, आणि रद्द केल्यावर पैसे कधी परत येतील याचा नेम नव्हता.

दादांकडे त्या दिवशी जे ताजं आहे ते घ्यावं, हा दुसरा. मे महिन्यात मोगरा भरभरून असतो आणि गुलछडीच्या काड्या सकाळीच उतरल्या होत्या. दादांनीच सुचवलं, “बुक्याचं सोडा, माईंना मोगऱ्याचा गजरा आणि टेबलावर गुलछडीची परडी करून देतो, घमघमाट सुटेल.” मला हे पटलं होतं. ताईला विचारलं तर ती हटून बसली. “फोटोतलाच बुके हवा. मी गजऱ्याचे पैसे नाही भरलेले.” तिचंही चूक नव्हतं. हजारो किलोमीटरवरून तिला जे दाखवलं गेलं, तेवढंच तिच्या हातात होतं.

तिसरा पर्याय, दुपारी येतोय तो येऊ द्यावा. आम्ही हाच घेतला. मी दादांना विचारलं, “कधी देणार?” ते म्हणाले, “अडीच-तीनला.” मी म्हटलं, “चालेल.” आणि फोन ठेवला.

या संबंध प्रकरणातला सगळ्यात महाग फोन हाच. मी ‘कधी’ विचारलं, ‘कुठे’ विचारलंच नाही. दीड वाजता सगळं घर कुलूप लावून कार्यालयात जाणार होतं, हे मला माहीत होतं. भांड्यांचे दोन टेंपो मीच ठरवले होते. दादांच्या चिठ्ठीवर शाहूपुरीचा पत्ता होता, आणि तो बदलायला एक वाक्य पुरलं असतं.

मग काय झालं

दोन चाळीसला दादांचा मुलगा बुके घेऊन शाहूपुरीत पोचला. २०२० मध्ये नगरपालिकेची हद्द वाढून शाहूपुरी शहरात आली, तरी पत्ता अजून ‘मंदिरामागची तिसरी गल्ली’ असाच सांगितला जातो. घर सापडलं, पण कुलूप होतं. चिठ्ठीवरचा नंबर परदेशातला, त्याच्या फोनवरून लागणारा नव्हता. त्यानं बुके कठड्यावर ठेवला, फोटो काढला, दादांना पाठवला आणि पुढच्या गाडीच्या सजावटीला गेला. दादांनी फोटो पुण्याला पाठवला. ताईला निरोप गेला: ‘डिलिव्हर्ड’. तिनं मला अंगठा पाठवला. मी कार्यालयात पंगतीच्या पाट्या मोजत होतो, मीही अंगठा पाठवला. अडीच तास आम्ही सगळे समाधानी होतो.

पाच वाजून दहा मिनिटांनी शेजारच्या वहिनींचा फोन आला. “अहो भाऊजी, अण्णांच्या कठड्यावर कुणीतरी फुलं ठेवलीत, पार वाळून चाललीत.”

तो कठडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. मे महिन्यातलं तिसऱ्या प्रहराचं ऊन, वरून सेलोफेनचा कागद. आतली हवा बाहेर जात नाही आणि बुके उकडून निघतो. हातात धरायचा बुके बहुतेक वेळा पाण्याविना असतो. देठांना ओला कापूस आणि फॉइल, बस. तो तासा-दोन तासांच्या कौतुकासाठी बांधलेला असतो. त्यात जरबेराचा देठ पोकळ, पाणी तुटलं की फूल लगेच मान टाकतं. पंधरा जरबेरांपैकी एकही सरळ नव्हता. गुलाबांच्या बाहेरच्या पाकळ्या कडेनं काळवंडल्या होत्या.

कार्ड उघडलं तर त्यावर मजकुराच्या जागी ओळीनं चौकोन. ताईचं मराठी कुठल्यातरी कॉम्प्युटरच्या फॉन्टला झेपलं नव्हतं. खाली दादांच्या मुलानं पेनानं ‘हॅपी ॲनिव्हर्सरी’ लिहून वेळ मारून नेली होती.

कसं सावरलं

माझ्या गाडीवर बुके मांडीत धरून वहिनींचा मुलगा मागे बसला आणि आम्ही दादांच्या दुकानात. दादांनी बघितलं आणि पहिलं वाक्य म्हणाले, “मला फोन का नाही केला वो?” दुसरं, “जरबेरा गेला. गुलाब बघतो.”

पुढची वीस मिनिटं मी नुसता बघत होतो. दादांनी सगळा बुके सोडला. गुलाबाचे देठ पाण्यात बुडवून तिथंच तिरके छाटले. हवेत छाटले तर देठात हवा शिरते आणि फूल पुन्हा मान टाकतं. खालची पानं ओरबाडली, देठांसकट बादलीत ठेवले. मग एकेका गुलाबाच्या बाहेरच्या दोन-तीन पाकळ्या अलगद काढल्या आणि आतून टवटवीत फूल निघालं. वीसपैकी तेरा वाचले. “थंड पाण्यात दोन तास मिळाले असते तर आणखी चार उठले असते,” म्हणाले. एक लहान परडी घेतली, देठ खोचायची फोमची वीट पाण्यावर नुसती सोडली. मी बोटानं दाबायला गेलो तर हातावर चापट मारली. “दाबायचं नसतं. आपली आपण बुडली पाहिजे, नाहीतर मध्ये कोरडी राहते आन् फुलं रात्रीतच जातात.” तेरा गुलाब, भोवती गुलछडीच्या काड्या, कामिनीची हिरवळ. माईंसाठी मोगऱ्याचा गजरा. सकाळी दादांनी जे सुचवलं होतं, जवळपास तेच.

कार्डाचं काम माझं. ताईला फोन लावला, तिनं सांगितलं, मी दुकानाच्या गल्ल्यावर बसून बॉलपेननं उतरवून घेतलं. मधेच ती रडायला लागली, म्हणून दोन ओळी राहिल्या.

सात वाजता परडी कार्यालयात पोचली. सगळ्यांनी बघितली. लक्ष खरं गजऱ्याकडे होतं, कारण माईंनी तो तिथल्या तिथं माळला आणि अण्णा उगाचच घड्याळ बघायला लागले. कार्ड अण्णांनी माईकवर वाचून दाखवलं.

निष्पत्ती

दादांनी गुलछडी आणि गजऱ्याचे २६० रुपये घेतले, मजुरी घेतली नाही.

वेबसाइटशी ताईची झुंज पुढे तीन आठवडे चालली. पहिल्यांदा त्यांनी पुढच्या खरेदीसाठी ५०० रुपयांचं कूपन देऊ केलं. उशिराची तक्रार टिकली नाही, कारण तिनं ‘दिवसभरात’ निवडलं होतं आणि बुके दिवसभरात आला होता. ‘फुलं बदलू शकतात’ हेही त्यांच्या अटींत होतं. मी तिला सुचवलं, वेळेचा मुद्दा सोड आणि मोजदाद धर. पन्नासच्या जागी वीस गुलाब याला बदल म्हणत नाहीत, हा कमी माल झाला. कठड्यावरच्या त्यांच्याच फोटोत गुलाब मोजता येत होते. ई-कॉमर्सचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम आहेत. त्यांनुसार वेबसाइटला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क दाखवावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्याच्या आत निपटारा करावा लागतो. ताईनं चॅट सोडून थेट त्या अधिकाऱ्याला ईमेल केला. एकोणिसाव्या दिवशी १,४०० रुपये परत आले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर मी लिहून ठेवला होता, तो लावावा लागला नाही.

दादांच्या वहीत त्या ऑर्डरपुढे १,७५० जमा आहेत. नव्यानं केलेल्या परडीचा खर्च कुठल्या खात्याला टाकायचा, यावर आमची बरीच चर्चा झाली. शेवटी ‘किरकोळ’ मध्ये टाकला.

वेगळं काय करता आलं असतं

ताईच्या बाजूनं दोन गोष्टी. सूचनेची चौकट ही पुष्कळदा कुणीच न वाचण्याची जागा असते. वेळ महत्त्वाची असेल तर २५० रुपये भरून ती ऑर्डरमध्येच घ्यायला हवी होती. भरूनही उशीर झाला असता, तर निदान भांडायला जागा राहिली असती. आणि घेणाऱ्याचा नाही तर शेजाऱ्याचा, माझा, कुणाचा तरी गावातला नंबर द्यायला हवा होता. गंमत राखायची तर त्या माणसाला आधी सांगून ठेवावं. पन्नास हा आकडाही तपासण्यासारखा आहे. दुकानदाराला वीस किंवा चाळीस सोपे जातात, पन्नास नाही. पण हे ताईला मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “लग्नाला चाळीस वर्षं झाली असं कार्डावर लिहू का?” यावर मी गप्प बसलो.

दादांच्या बाजूनं: त्यांनी होकार अर्धा दिला आणि तो पुरा समजला गेला. ‘गुलाब वीस, लिली नाही, दुपारी’ हे फोनवर तोंडी न सांगता मेसेजमध्ये लिहिलं असतं, तर पुण्याच्या माणसाला ते पुढे ढकलावं तरी लागलं असतं. दुसरं, कुलूप दिसल्यावर मुलानं दादांना फोन करायला हवा होता. दादांना माझा नंबर पाठ आहे. बुके ही कुरिअरची पेटी नाही, सावली न बघता तो ठेवून येता येत नाही.

माझ्या बाजूचं वर सांगितलंच. आणखी एक: ‘डिलिव्हर्ड’ चा फोटो ताईनं मला पाठवला होता. मी तो उघडला असता तर कठडा आणि ऊन दोन्ही दिसलं असतं. तेव्हा तीन वाजले होते, गुलाब पूर्ण वाचले असते.

त्यानंतर

दादांनी आता एक पद्धत धरली आहे. सकाळी साडेनऊला दुकानातल्या बादल्यांचा फोटो स्टेटसला टाकतात, आज काय उतरलंय ते दिसतं. बुके निघण्याआधी त्याचा फोटो गिऱ्हाइकाला जातो आणि ‘पाठवू का?’ असं विचारलं जातं. कार्डाचा मजकूर हातानं लिहून फोटो पाठवा, असं सांगतात. दुकानात त्याची नक्कल करायला आता सून बसते, तिचं अक्षर चांगलं आहे. लग्नतिथीला बाहेरच्या वेबसाइटच्या ऑर्डरी घ्यायच्या नाहीत, असंही ठरलं होतं. ते काही दिवस पाळलं गेलं. मागच्या लगीनसराईत वहीत अशा दोन ऑर्डरी मला दिसल्या. विचारलं तर म्हणाले, “गुलाब पडून होता, काय करू?”

नोव्हेंबरात अण्णांचा वाढदिवस होता. ताईनं दादांना थेट फोन केला आणि पांढरी शेवंती मागितली. दादा म्हणाले, “पांढरी आज मरगळलेली आलीय, पिवळी झकास आहे.” तिनं पिवळी घेतली. ६५० रुपये, पैसे यूपीआयनं माझ्यामार्फत. ते तिनं मला अजून दिलेले नाहीत.